सावलीत फुललेली आयव्ही

"पाच फुलले! ऐका रे, पाच फुलले!"

मलाकी कॉनलनने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली आणि रस्त्यावर खोळंबलेल्या सात-आठशे माणसांनी जिथल्या तिथे गुडघे टेकले. कुणाच्या गुडघ्याखाली चिखल, कुणाच्या खाली शेण. स्लायगोहून दोन बस भरून आलेल्या बायकांनी तर रडायलाच सुरुवात केली. माझ्या शेजारच्या माणसाने थर्मासमधला चहा स्वतःच्या बुटावर ओतला, तरी त्याला पत्ता नव्हता.

मी उभीच राहिले. एक तर माझा डावा गुडघा वाकत नाही. आणि दुसरं म्हणजे, फुललेल्या त्या पाचांत एक वेल माझा असणार हे मला चार महिने आधीपासून माहीत होतं.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार हा ड्रमगारवच्या संताच्या पवित्र विहिरीचा दिवस. आमच्या लीट्रिम परगण्यात त्या दिवशी पाऊस नसेल तर तोच चमत्कार म्हणायचा. पण मलाकी आल्यापासून लोकांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. विहिरीमागे चेस्टनटच्या जुन्या झाडांखाली जमिनीचा एक तुकडा आहे. तिथे भरदुपारीसुद्धा वर्तमानपत्र वाचता येत नाही, इतकी सावली. त्या सावलीत मलाकी आयव्हीला फुलं आणत होता.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. पण आमच्याकडे आयव्ही म्हणजे रोजची गोष्ट. जमिनीवर, सावलीत ती वर्षानुवर्षं सरपटत राहते. पानं कोपरे काढलेली, दांड्याला बारीक मुळ्या, आणि फूल एकही नाही. भिंतीच्या माथ्यावर किंवा झाडाच्या शेंड्याशी पोचली, उजेड मिळाला, की मगच फुलते. हिवाळ्याआधीचा शेवटचा मध माश्यांना त्या फुलांतून मिळतो, त्यामुळे हे आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणूनच गुडघाभर उंचीची आयव्ही काळोखात फुललेली पाहिली की शहाणीसुरती माणसं टोपी काढत होती.

मलाकीची रीत अशी. मे महिन्यात रोग्याने आपल्या घराजवळच्या आयव्हीची एक काडी आणायची आणि स्वतःच्या हाताने त्या बागेत लावायची. चोवीस जूनला फाटकाला साखळी. मग थेट विहिरीच्या दिवसापर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही.

"वेल प्रार्थनेला बसलेला असतो," मलाकी डोळे मिटून सांगायचा. "तुम्ही आंघोळ करताना कुणी डोकावलं तर चालेल का तुम्हाला? मग?"

ज्याचा वेल फुलला तो बरा झाला. त्याने विहिरीला तीन फेऱ्या घालायच्या आणि घरातलं औषध पाण्यात ओतून द्यायचं. ज्याचा फुलला नाही त्याची श्रद्धा कच्ची, त्याने पुढच्या वर्षी यावं. म्हणजे फुललं तर संताचं, नाही फुललं तर तुमचं. मलाकीचं काही नाही.

आणि खरंच, तो एक पै घेत नव्हता. आमच्याकडे जुनी चाल आहे: ज्याच्या हाताला गुण असतो त्याला पैसे द्यायचे नाहीत आणि त्याचे आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण जातो. चामखीळ घालवणाऱ्या म्हातारीपासून हाड बसवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हाच नियम. आम्ही तिथेच फसलो. पैसे घेत नाही म्हणजे खरा असणार, एवढाच आमचा हिशोब. त्याच्या फाटकाशी न बोलता ठेवलेलं मेंढीचं मांस, व्हिस्की, वर्षभराचं जळण आणि एका सड्या म्हाताऱ्याने मृत्युपत्रात लिहून दिलेलं शेत हे कुणी मोजलंच नाही.

दुसरा नियम त्याहून भारी. विहिरीच्या बागेतलं जो काही उपटेल, त्याच्या घरातलं एक माणूस वर्षाच्या आत जाईल. हा मलाकीने काढलेला नाही, माझ्या आजीच्याही आधीचा आहे. मलाकीला तो आयताच मिळाला.

आता ह्युईबद्दल सांगते. ह्युई मॅकगॉवन माझ्या शेजारचा, हृदयाचा रोगी. आदल्या वर्षी त्याचा वेल फुलला. त्याने गोळ्या विहिरीत ओतल्या आणि फेब्रुवारीत तो गोठ्यात गाईशेजारी मरून पडला. अंत्ययात्रेला मलाकी आला आणि ह्युईच्या बायकोचा, बेसीचा हात हातात घेऊन हळूच म्हणाला, "बेसी, फूल आलं त्या दिवशी तू मला 'आभारी आहे' म्हणालीस. मी ऐकलं नाही असं दाखवलं गं. पण वर ऐकणारा असतो."

त्या दिवसापासून बेसी कुणालाच आभार म्हणत नव्हती. दुकानात पाव घेतला तरी मान खाली घालून निघून जायची. नवऱ्याला आपण मारलं, असं ती धरून बसली होती. मी खूप समजावलं. ती म्हणायची, "तुला देव नाही डीलिया, तुला काय कळणार?"

अंत्ययात्रेनंतर मी एकटीच त्या बागेत गेले. फाटक तेव्हा उघडं असतं. ह्युईच्या वेलाची फुलं गळून काळी फळं धरली होती. मी पान हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. पान गुळगुळीत होतं, बदामाच्या आकाराचं, एक कोपरा नाही. दांड्याला मुळ्या नाहीत. हे जमिनीवरच्या आयव्हीचं पान नव्हतंच. हे शेंड्याचं पान होतं.

मी एकतीस वर्षं कॉन्व्हेंटची बाग सांभाळली आहे. उत्तरेकडची उंच भिंत, वर्षभर सावली. अशा जागी काय जगतं आणि काय फुलतं हे मी हाताने शिकले. त्याच्या चार वर्षं आधी गावच्या हॉलमध्ये मी 'सावलीच्या बागेत काय लावावं' यावर बोलले होते. बारा माणसं आली होती, त्यांतली सात चहासाठी. पहिल्या रांगेत मलाकी होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला होता.

"डीलिया, आयव्हीच्या शेंड्याची फुलती काडी तोडून खाली लावली तर?"

"तर ती खालीही फुलते," मी केकचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले होते. "एकदा वयात आलेली काडी पुन्हा लहान होत नाही. मग ती चढतही नाही, झुडपासारखी वाढते. पहिली दोन वर्षं मात्र कुंडीत, चांगल्या उजेडात ठेवायची."

म्हणजे ही विद्या त्याला मीच दिली होती, माझ्याच तोंडाने. ह्युईच्या वेलासमोर उभी राहून मी स्वतःला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पण सांगायचं कुणाला? पानाचा आकार दाखवून माणसांचं मन वळत नाही. बेसीला म्हटलं, ह्युईचा वेल उपटून बघू, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "घरात आता सोर्का आणि नेसाच उरल्यात गं! त्यांतली कुठली देऊ?"

सोर्का ही बेसीची मुलगी. नेसा ही सोर्काची. नऊ वर्षांची, तल्लख, बडबडी, आणि तिला फेफरं येतं. सकाळ-संध्याकाळ चमचाभर औषध घेतलं की बरी असते. मे महिन्यात सोर्काने नेसाला घेऊन त्या बागेत काडी लावली. आम्हाला ते कळलं तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई, कियो, सोर्काच्या घरी गेल्या आणि परत येऊन माझ्या स्वयंपाकघरात धप्पकन बसल्या.

"हे औषध एकदम बंद केलं तर फिटवर फिट येतात, डीलिया. थांबत नाहीत. पोर हातातून जाऊ शकते. मी सांगितलं तिला. ती हो हो म्हणाली आणि मला दारापर्यंत सोडायला आली. तिने ठरवलंय."

मग आम्ही दोघींनीही ठरवलं. मी माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागची आयव्हीची काडी तोडली, चांगली पाच कोपऱ्यांच्या पानांची. तिच्या बुडाशी, मातीखाली जाईल अशा बेताने, डॉक्टरीणबाईंनी तांब्याच्या तारेचे नऊ वेढे स्वतः गुंडाळले. काडी घेऊन मी मलाकीच्या दारात गेले आणि म्हणाले, "गुडघा दुखतो रे."

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "डीलिया गिलहीनी! तूसुद्धा!"

त्याला अख्ख्या परगण्यात एकच गोष्ट कमी होती: बरी झालेली नास्तिक. माझा वेल फुलणार याबद्दल मला तेव्हाच शंका उरली नाही.

आता पुन्हा त्या रविवारी.

लोक फाटकातून आत घुसले. चेस्टनटखालच्या काळोखात बेचाळीस काड्या मातीला चिकटून सरपटत होत्या आणि त्यांच्यामध्ये यंदाची पाच झुडपं ताठ उभी होती, हिरव्या-पिवळ्या फुलांच्या गोंड्यांनी लगडलेली. माश्या घोंघावत होत्या. मलाकी पांढरा सदरा घालून एकेक नाव पुकारत होता. तिसरं नाव आलं.

"नेसा! ह्युई मॅकगॉवनची नात! आजोबांचं राहिलं ते नातीने पुरं केलं!"

बायका हुंदके द्यायला लागल्या. सोर्का नेसाचा हात धरून पुढे आली. दुसऱ्या हातात औषधाची बाटली, गच्च भरलेली. चेहरा कागदासारखा पांढरा. मागे बेसी, ओठ घट्ट मिटलेले, चुकून तोंडातून आभार निघू नयेत म्हणून.

"तीन फेऱ्या," मलाकी म्हणाला. "मग बाटली पाण्यात."

मी नेसाकडे बघत होते. ती एरवी चालताना उड्या मारते. आज पाय ओढत होती. पहिली फेरी मोजायला तिने विहिरीकाठच्या दगडावर खडा टाकला तेव्हा तिच्या पापण्या फडफडल्या. दोन-तीन सेकंद, मग थांबल्या. फाटकाशी डॉक्टरीणबाई बॅग घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही ते पाहिलं होतं.

आमचा बेत असा होता की माझं नाव पुकारलं की बोलायचं. पण मलाकीने मला शेवटच्या नंबरावर ठेवलं होतं, जेवणानंतर गोड ठेवतात तसं. तोवर बाटली विहिरीत गेली असती.

दुसरी फेरी संपली. मी पिशवीतून खुरपं काढलं आणि लंगडत पुढे गेले.

"मलाकी, माझा कुठला?"

तो चमकला, पण हसला. "धीर धर की, डीलिया. तुझी पाळी येतेच आहे."

"गुडघा बरा झालाय ना, उभं राहवत नाही. हाच ना?" कोपऱ्यातल्या झुडपाशी माझ्या नावाची पाटी होती. मी मोठ्याने म्हणाले, "ऐका सगळ्यांनी! मे महिन्यात मी पाच कोपऱ्यांच्या पानांची काडी लावली. तिच्या बुडाला तांब्याच्या तारेचे नऊ वेढे आहेत, डॉक्टरीणबाईंनी गुंडाळलेले. वेल माझाच असेल तर तार सापडेल. सापडली तर मी या मोडक्या गुडघ्यावर रांगत तीन फेऱ्या घालीन आणि मलाकीचे पाय धरीन."

"उपटू नकोस!" कुणीतरी किंचाळलं. "अगं, घरातलं माणूस जाईल!"

"माझ्या घरात मी आणि सहा कोंबड्या आहोत," मी म्हणाले. "कोंबड्यांना विचारून आलेय."

कुणी हसलं नाही. मी खुरपं घातलं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मुद्दाम बाजूलाच घातलं. आजीचा नियम कानांत बसलेला असतो, डोक्याने कितीही नाकारला तरी. मी झुडूप खालून धरलं आणि खेचलं.

ते इतकं सहज आलं की मी मागे पडता पडता वाचले. तार नव्हती. मुळं पसरलेली नव्हती. हातात आला तो काळ्या मातीचा गोळा, खाली निमुळता, तळाला सपाट, आणि त्याभोवती मुळ्या गोल गोल गुंडाळलेल्या. आमच्या त्या बागेची माती पिवळी चिकणमाती आहे. मी गोळ्याच्या तळाशी बोट घातलं आणि खापरीचा एक तुकडा काढून वर धरला.

"ही खापरी संताने घातली का रे, मलाकी? कुंडीचं भोक बुजवायला?"

कुजबुज झाली. तिथल्या निम्म्या बायका दर वसंतात कुंड्या भरतात. तो आकार त्यांनी ओळखला. मलाकीने मात्र पापणीसुद्धा हलवली नाही.

"आणि तुम्हाला काय वाटलं?" त्याचा आवाज मधासारखा झाला. "संत अर्धं काम करतो? नवी पानं दिली, नवी फुलं दिली, तर मुळं जुनी ठेवील? प्रार्थना गोल फिरते, म्हणून मुळं गोल फिरली! आपण विहिरीला गोल फिरत नाही का?"

आणि सांगायला वाईट वाटतं, पण माना डोलल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. असं काही कुणाच्या जिभेवर तयार असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात मागून दगडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

नेसा पडली होती. पाठ ताठ, हात-पाय झटके देत, तोंडाला फेस. सोर्काने किंकाळी फोडली. एक म्हातारी चमचा घेऊन धावली. डॉक्टरीणबाईंनी तिला कोपराने बाजूला सारलं. "तोंडात काही घालायचं नाही! धरू नका तिला! मागे व्हा!" त्यांनी नेसाच्या डोक्याखाली स्वतःचा कोट सारला, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या.

मलाकी विजेसारखा वळला. त्याचं बोट माझ्या छातीवर.

"बघा! बघा हिने काय केलं! हिने वेल उपटला आणि हिच्या घरात कुणी नाही, म्हणून शाप या लेकराला लागला!"

सात-आठशे माणसं माझ्याकडे वळली. ते चेहरे मी अजून विसरलेले नाही. यांतल्या कितीतरी जणांच्या लग्नातली फुलं मी माझ्या हाताने बांधून दिली होती. "खुनी बाई," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी माझ्या हातातलं खुरपं हिसकावलं. मला स्वतःलाही क्षणभर वाटून गेलं: मी उपटला आणि ती पडली. एकामागोमाग एक घडलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"सोर्का," डॉक्टरीणबाई घड्याळावरून नजर न हलवता, हळू आवाजात म्हणाल्या. "शेवटचं औषध कधी दिलंस?"

सोर्काने बाटली पाठीमागे लपवली.

"मी रागावत नाहीये. मला कळायला हवं. कधी?"

"शुक्रवारी सकाळी," सोर्का म्हणाली. "ते म्हणाले होते, आधी दोन दिवस थांबव. विश्वास दाखव."

"मग म्हणूनच. औषध उतरलंय अंगातून."

"शापच तो!" मलाकी ओरडला. "वेल उपटेपर्यंत पोर ठणठणीत होती! सांग त्यांना, सोर्का! सगळ्यांनी पाहिलंय!"

सोर्का लेकीशेजारी चिखलात बसली होती. तिने मान वर केली. हो, ठणठणीत होती, एवढं तिने म्हटलं असतं की झालं. मग तिच्यावर काही बोल आला नसता. सगळा माझ्यावर आला असता. खरं काय ते त्या बागेत तिला एकटीलाच माहीत होतं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नव्हती," सोर्का म्हणाली.

"काय?"

"ठणठणीत नव्हती. काल रात्री एक झटका आला. आज सकाळी चर्चला निघताना दुसरा. मी कुणाला सांगितलं नाही." तिचा आवाज चिरकला. "डीलियाने तेव्हा कशालाच हात लावला नव्हता. डीलिया तेव्हा तिच्या घरी होती. वेल इथे फुललेला होता आणि माझी पोर तिकडे मोरीत पडून झटके देत होती!"

नेसाचे हात-पाय सैल पडत गेले. "अडीच मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नेसाने मोठा, घरघरता श्वास घेतला. थोड्या वेळाने डोळे उघडले.

सोर्का उठली. नेसाच्या नावाच्या झुडपाशी गेली. बेसी ओरडली, "सोर्का, नको गं!" सोर्काने दोन्ही हातांनी ते झुडूप धरलं आणि उपटलं. तोच काळा गोळा, त्याच गोल गुंडाळलेल्या मुळ्या. तिने तो मलाकीच्या पायाशी आपटला तेव्हा तो फुटला नाही, इतका कुंडीत घट्ट भरलेला होता.

"मी मे महिन्यात लावलेली काडी कुठे आहे?" तिने विचारलं.

मलाकीने फाटकाकडे पाहिलं.

"माझ्या पोरीने तिच्या हाताने लावली होती. रोज तिला गुड नाइट म्हणून झोपायची ती. कुठे टाकलीस?"

तो फाटकाकडे सरकू लागला. लोकांनी वाट दिली नाही, अडवलंही नाही. फक्त बघत राहिले. संध्याकाळी पोलीस सार्जंट त्याच्या घरामागच्या काचेच्या शेडमध्ये गेला तेव्हा तिथे छत्तीस कुंड्या निघाल्या, सगळ्यांत शेंड्याची फुलती आयव्ही, अंगभर ऊन खात बसलेली. शेजारच्या खतखड्ड्यात सुकलेल्या काड्यांचा ढीग होता. त्यांतल्या एकीच्या बुडाला तांब्याच्या तारेचे नऊ वेढे होते.

पण ते नंतर. तेव्हा बागेत बेसी माझी बाही ओढत होती. तिच्या हातात बागेच्या कडेला उरलेल्या, गेल्या वर्षीच्या ह्युईच्या झुडपाचं पान होतं.

"डीलिया, म्हणजे ह्युईचाही कुंडीतलाच?"

"हो गं."

"म्हणजे मी आभार मानले नसते, तरी..."

"तरीही तो गेला असता, बेसी. त्याच्या गोळ्या विहिरीत होत्या. तुझ्या आभारांनी कुणाचं काही बिघडलं नाही."

ती तिथेच खाली बसली आणि सात महिन्यांचं रडू रडली. मी गुडघा वाकवून तिच्याशेजारी बसले. दुखला, फार दुखला.

डॉक्टरीणबाईंनी सोर्काच्या हातातली बाटली घेतली, चमचा मोजून भरला. नेसा आता पुरती शुद्धीवर होती. तिने तोंड वेडंवाकडं केलं.

"मॅमी, मी बरी झालेय ना? मग का?"

"नाही झालीस, सोन्या," सोर्का म्हणाली. "मॅमी चुकली. पी."

नेसाने औषध प्यायलं. त्या आठवड्यात तिला आणखी दोन फिट आल्या, स्लायगोच्या इस्पितळात तीन रात्री काढाव्या लागल्या. आम्ही त्या तीन रात्री कशा काढल्या ते आम्हालाच माहीत. मग ती घरी आली.

मला लोक विचारतात, विहिरीला जाऊ नये का? जा की. मीही जाते, पाणी गार असतं, माणसं भेटतात. पण कुणी म्हणालं की फाटक बंद आहे, आत बघू नका, तर आधी तिथेच बघा. पैसे घेत नाही म्हणून कुणी खरा ठरत नाही. एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. आदल्या रात्री काय झालं होतं तेही विचारा. आणि औषध थांबवायचं असेल तर ज्याने ते दिलं त्याच्याकडे जा. आयव्हीला फुलायला ऊन लागतं, ते तिला झाडाच्या शेंड्याशी मिळतं, यात संताचा काही कमीपणा नाही.

नेसा आता चौदा वर्षांची आहे. दोन वर्षं एकही फिट आली नाही, म्हणून डॉक्टरीणबाई यंदा तिचं औषध कमी करताहेत, महिन्याला थोडंथोडं. परवा तिने त्यांना विचारलं, इतकं हळू का? एकदम का नाही? आणि त्या अर्धा तास खुर्ची ओढून तिला समजावत बसल्या. पोरगी विचारते. तुम्हीही विचारा.